आभाळाला धाडलेला सांगावा

(मुरुड इथल्या युवक शिबिरात रात्रीच्या बैठकीत केलेलं भाषण. नंतर आठवून लिहून काढलं.)



मला शिल्पकलेवर बोल म्हणून सांगितलंय. मी गोदीतला हमाल माणूस. दहावी पास, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत मॅट्रिक, तीही गणितात काठावर. कविता लिहितो, त्या आपल्याच अंकात येतात. शिल्प म्हटलं की इतके दिवस मला चौकातला पुतळा तेवढा माहीत. आणि पुतळ्याभोवतीची लोखंडी जाळी. आपल्या बापाचा पुतळा जाळीत का ठेवावा लागतो ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. पण आज पुतळ्यावर बोलत नाही. रात्रीच्या आभाळावरनं केलेल्या एका कामावर बोलतो. त्याला कुणी शिल्प म्हणतं, कुणी मांडणी म्हणतं. त्याच्यासमोर काही करायचं नसतं. नुसतं बसायचं. बघायचं. बसल्याबसल्या डोक्यात काय येईल ते येऊ द्यायचं.

मागं कुणीतरी हसलं. हसा. मीही हसलो होतो.

संध्याकाळी आपण किनाऱ्यानं चाललो तेव्हा समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसत होता. तिकडं राजपुरीच्या अंगाला जंजिरा. जंजिऱ्याच्या दारावर दगडात कोरलेलं एक जनावर आहे, वाघासारखं, आणि त्यानं हत्ती पंजात दाबून धरलेत. तो किल्ला ज्यांनी शेकडो वर्षं राखला ते हबशी. आफ्रिकेतनं आलेले. कुणी खलाशी, कुणी शिपाई, कुणी विकला गेलेला गुलाम. त्यांची गादी १९४८ पर्यंत टिकली. मला नवाबीचं कौतुक नाही, नवाब कुठल्याही रंगाचा असो, सारा वसूल करतोच. पण आज चालताना मनात आलं, ज्या पहिल्या माणसांना गलबतात कोंबून इकडं आणलं त्यांचा मुलूख सुटला, भाषा सुटली, नावंसुद्धा बदलली. ओळखीचं काय राहिलं असेल? वर बघितल्यावर दिसणारं तेवढं. त्यांच्या किनाऱ्यावरनं दिसणारे बहुतेक तारे इथनंही दिसतात. आभाळ कुणाला कप्तानाच्या पेटीत बंद करता आलं नाही.

आता माझ्या आभाळाचं सांगतो.

गोदीत तिसऱ्या पाळीला आभाळ नसतं. दिवे असतात. धक्क्यावर, क्रेनवर, जहाजावर एवढे दिवे की रात्र आहे हे फक्त डोळ्यांच्या जळजळीवरनं कळतं. दोन वर्षांमागं डिसेंबरात आमची टोळी एका जहाजाच्या तळात डाळीच्या गोण्या स्लिंगमध्ये भरत होती. तळ म्हणजे चाळीस फूट खोल लोखंडी विहीर, आणि वरती फाळका उघडा. रात्रीचे साडेबारा झाले असतील. जहाजाच्या जनरेटरला काहीतरी झालं आणि सगळे दिवे गेले. विंच थांबली. धक्क्यावरचे दिवे होते, पण त्यांचा उजेड तळापर्यंत पोचत नव्हता. मुकादम वरनं ओरडला, जागचे हलू नका रे. आम्ही गोण्यांवरच आडवे झालो. आणि वर बघितलं तर फाळक्याच्या चौकटीत आभाळाचा एक चौकोन. त्यात दहाबारा तारे.

मुंबईत जन्मलो, वाढलो. पण एवढ्या निवांत तारे बघण्याची ती पहिली वेळ. अंगावर डाळीची पूड, घाम थंड होत चाललेला, आणि सबंध टोळी गप्प. आमच्या टोळीत एक तात्या आहेत, साठीला टेकलेले. ते अंधारातच बोलले, "तिकांडं डोक्यावर आलं. मध्यान रात झाली."

मी म्हणलं, तात्या, घड्याळ दिसतंय काय तुम्हाला?

ते म्हणाले, "ते तीन तारे सरळ रेघेत दिसतात ना, ते तिकांडं. आमचा आजा वेसकर होता. त्याला घड्याळ कोण देणार? तो ह्याच्यावर रात्र मोजायचा."

मित्रांनो, वेसकर म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा, कुणाचे जिवंत असतील तर. गावाची वेस राखायची. रात्री गस्त घालायची. चोर आला, लांडगा आला, सरकारी माणूस आला, पहिली हाक वेसकरानं द्यायची. गाव झोपायचा आणि महार जागा राहायचा. बदल्यात काय? शिळं तुकडं आणि वतनाच्या नावाखाली वेठ. १९५८च्या कायद्यानं ती वतनं गेली. पण तोवर किती पिढ्यांनी किती रात्री जागून काढल्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवला? मला सांगा, ह्या महाराष्ट्रात रात्रीचं आभाळ सगळ्यात जास्त कुणी बघितलं? पंचांग ज्यांच्या हातात होतं त्यांनी? ते तर झोपले होते.

तात्या पुढं बाजल्याचं सांगायला लागले. पुस्तकात ज्याला सप्तर्षी म्हणतात ते त्यांच्या गावात म्हातारीचं बाजलं. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर. मागचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. म्हातारी जागी आहे म्हणून चोरांना बाज नेता येत नाही, आणि चोर उभे आहेत म्हणून म्हातारीला झोपता येत नाही. रात्रभर असंच फिरत राहायचं. आता बघा, ज्यांच्याकडं पोथी होती त्यांना त्या सात ताऱ्यांत सात ऋषी दिसले. ज्याच्याकडं राखण होती त्याला जागी म्हातारी दिसली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी नागपूरकडं गोंडांच्या गावोगाव फिरले, आणि त्यांचं आभाळ २०१३ साली त्यांनी कागदावर आणलं. गोंडांना मृगात नांगर दिसतो. जो जे काम करतो ते त्याला वर दिसतं. दिवे आले तेव्हा तात्यांची गोष्ट अर्धीच राहिली. विंच सुरू.

आता त्या शिल्पाकडं येतो. तळातल्या रात्रीच्याही आधीची गोष्ट. जानेवारी २०२०. माझा मावसभाऊ टेम्पो चालवतो. त्यानं सांगितलं, महालक्ष्मीला फेमस स्टुडिओत काहीतरी ग्रहताऱ्यांचं लावलंय, तू कविता लिहितोस, जाऊन बघ. गेलो. जितीश कल्लाट हा मुंबईतच १९७४ साली जन्मलेला चित्रकार-शिल्पकार, त्याचं काम. नाव 'कव्हरिंग लेटर (टेर्रेनम नुन्सियस)'. नाव ऐकूनच माणूस परत फिरावा असं. पण त्यातली गोम अशी की, गॅलिलिओनं १६१० साली दुर्बिणीतनं चंद्र आणि गुरूचे चंद्र बघून जे पुस्तक काढलं त्याचं नाव 'सिडेरियस नुन्सियस'. म्हणजे ताऱ्यांचा निरोप्या. त्या नावावर हे बेतलंय. तो ताऱ्यांचा निरोप्या, हा पृथ्वीचा.

अंधारी खोली. मधोमध मोठी गोल मांडणी, एखादा ग्रह आडवा ठेवावा तशी. तिच्यावर शंभराच्या वर लहान लहान चित्रं, काचेसारखी आरपार, खालनं उजेड. उजेड कमी होतो, जास्त होतो, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. बाजूला एक बाक. आणि माणसांचे आवाज. एकामागून एक वेगवेगळ्या भाषांत कुणीतरी नमस्कार करतंय. पंचावन्न भाषा.

ही चित्रं, हे आवाज कल्लाटनं मनानं काढलेले नाहीत. १९७७ साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. कधीकाळी आभाळात कुणी भेटलंच, तर त्याला कळावं की पृथ्वी नावाच्या ठिकाणी माणसं राहत होती. तबकडीवर काय घालायचं हे ठरवणाऱ्या मंडळींचा प्रमुख कार्ल सेगन. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. त्यातलं पहिलं यान २०१२ साली सूर्याच्या मुलखाबाहेर गेलं. आज ते २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडं आहे. उजेडाला तिथं पोचायला २३ तासांवर लागतात. आणि त्या पंचावन्न भाषांत मराठी आहे. बाई मराठीत सांगते, पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभेच्छा पाठवतात.

मी अंधारात उभा आणि मराठी कानावर आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, गळ्यात आवंढा आला. हसू नका.

त्या तबकडीवर आणखी एक आपल्या मुलखातला आवाज आहे. केसरबाई केरकर. साडेतीन मिनिटांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावात १८९२ साली कलावंत घराण्यात जन्मलेली बाई. कलावंत हा शब्द तेव्हा कुठल्या तोंडानं उच्चारायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. देवळाला वाहिलेल्या बायकांची जात. ज्यांचं गाणं ऐकायचं आणि ज्यांना घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं. ती बाई अल्लादिया खाँसाहेबांकडं घासून घासून शिकली, आणि तिच्यासमोर भल्याभल्यांच्या माना खाली गेल्या. १६ सप्टेंबर १९७७ला ती वारली. व्हॉयेजर-१ त्याच महिन्याच्या ५ तारखेला उडालं होतं. म्हणजे बाईची मयत निघाली तेव्हा तिचा आवाज आधीच पृथ्वी सोडून गेला होता. सोवळं, ओवळं, उंबरा, सगळं खाली राहिलं.

इथवर मी खूश होतो. मग मी त्या बाकावर बसलो. तो बाक साधा नाही. शिकागोच्या अणुशास्त्रज्ञांच्या मासिकानं १९४७ साली एक घड्याळ काढलं, त्यात रात्रीचे बारा वाजले की माणसाचा खेळ खलास. कल्लाटचा बाक त्या घड्याळाच्या काट्याच्या आकाराचा आहे. त्याच महिन्यात तो काटा बाराच्या आधी १०० सेकंदांवर आणून ठेवला होता. २०२५ साली ८९वर आला. म्हणजे तुम्ही बसता ते त्या काट्यावर, आणि बघता ते पृथ्वीनं धाडलेलं पत्र. बसलो आणि एकेक चित्र बघायला लागलो. गर्भातलं मूल. आईला बिलगलेलं पोर. ताजमहाल. कापूस वेचणारे. कारखान्याची आतली बाजू. जेवणारी माणसं. आपल्या देशातल्या रस्त्यावरची गर्दी.

बघता बघता माझं डोकं फिरायला लागलं. ह्यात भुकेलं कुणी नाही. ह्यात युद्ध नाही. हे चुकून झालेलं नाही, नंतर मी वाचलं, त्या मंडळींनी ठरवूनच युद्ध, गुन्हे, गरिबी बाहेर ठेवली. पाहुण्यासमोर घरातली भांडणं कशाला काढायची, असं. मग ताजमहाल आहे, पण पाणवठ्यावरनं हाकललेली बाई नाही. गर्दीचा रस्ता आहे, त्या रस्त्याखालच्या गटारात उतरलेला माणूस नाही. साला, आपल्याशिवाय पृथ्वी पूर्ण झाली!

आणि ह्यातलं सगळ्यात मोठं कोडं सांगू? पत्र, निरोप, सांगावा पोचवणं, हे काम कुणाचं? ह्या मुलखात गावाचा सांगावा महारानं न्यायचा. मयताची खबर परगावी त्यानं पोचवायची, ऊन असो पाऊस असो, अनवाणी. दारात उभं राहून लांबनं ओरडून सांगायची आणि तसंच परत यायचं. पाणीसुद्धा वरनं ओतायचे. हजार वर्षं ज्यानं सगळ्यांचे सांगावे वाहिले, त्याचा स्वतःचा सांगावा त्या सोन्याच्या तबकडीवर नाही.

मी बाहेर आलो तो तणतणत. दोस्ताला फोन केला. तो आपल्यातलाच, इथंच समोर बसलाय. तो म्हणाला, तुला सांगत होतो, ही सगळी पोट भरलेल्यांची थेरं. आभाळाकडं बघायला मान वर करावी लागते, आणि डोक्यावर गोणी असलेल्याची मान वर होत नाही. आधी भाकर, मग चंद्र. सुर्व्यांनी काय सांगून ठेवलंय ते आपल्याला पाठ आहे.

बरोबर आहे त्याचं. पण अर्धंच बरोबर आहे, आणि त्याच्याशी माझं भांडण तेव्हापासून चालू आहे, म्हणून तर हे भाषण.

ह्याच कल्लाटचं आणखी एक काम आहे, २०१०-११ सालचं, 'एपिलॉग'. त्याचा बाप २ एप्रिल १९३६ला जन्मला आणि २ डिसेंबर १९९८ला गेला. त्या बापानं आयुष्यात जेवढे चंद्र बघितले असतील तेवढे त्यानं मांडले. २२ हजार ८८९. ७५३ चौकटींत. आणि प्रत्येक चंद्राच्या जागी काय आहे? चपाती. कलेकलेनं खाल्लेली, पुन्हा पूर्ण झालेली. मी हे प्रत्यक्ष बघितलेलं नाही, छापलेलं बघितलंय. पण त्या रात्री घरी येऊन मी कागद घेतला आणि माझ्या बापाचा हिशेब मांडला. माझा बाप ४९व्या वर्षी गेला. १७ हजार ९००च्या आसपास चंद्र. गणितात काठावर पास झालेल्या पोरानं तीनदा तपासून बघितलं. मग आठवायला लागलो, बापाला मी चंद्राकडं बघताना कधी पाहिलंय का? दिवसपाळी, रातपाळी, ओव्हरटाइम, वर पत्र्याचं छप्पर. एकदा पाहिलंय. चाळीच्या गच्चीवर, लाइट गेली होती तेव्हा. मला मांडीवर घेऊन बसला होता. काही बोलला नाही. दहा मिनिटं बसला असेल. लाइट आली आणि आम्ही खाली उतरलो.

१७ हजार ९००तला एक.

माझ्या दोस्ताला मी हे विचारतो: त्या दहा मिनिटांत माझा बाप पोट भरलेला होता काय? नव्हता. मग त्याला ती दहा मिनिटं का हवी होती? भाकर हिसकावून घेतली त्याचा हिशेब आपण मागतो, मागितलाच पाहिजे. पण त्याच्या १७ हजार ८९९ रात्री कुणी घेतल्या, त्याचा हिशेब मागायचा नाही? निवांत बसणं, वर बघणं, काही न करणं, हे ज्यांच्याकडं आहे त्यांनी ते आपल्या घामातनंच काढलेलं आहे. ते चैनीचं म्हणून सोडून द्यायचं, म्हणजे चोराला बाज देऊन टाकायची.

अंधारावरही आता मालकी सांगतात. अनिश कपूर हा दुसरा मोठा शिल्पकार, जन्म मुंबईचाच, १९५४चा, राहतो लंडनला. एका ब्रिटिश कंपनीनं व्हॅन्टाब्लॅक नावाचा लेप काढला, त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड तो गिळतो. २०१६ साली ह्या गृहस्थानं कलेत तो वापरायचा हक्क एकट्याकडं घेतला. जगातला सगळ्यात काळा काळा, एकाच्या नावावर! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काळे म्हणून हिणवलं त्यांना आधी विचारायचं होतं. त्याचंच १९९२चं एक काम आहे, जमिनीत गोल खड्डा, आतनं काळा रंगवलेला, असा की खड्डा आहे की जमिनीवर काळा ठिपका आहे ते कळू नये. माणसानं काठावर उभं राहून अथांगाचा विचार करावा म्हणून. २०१८ साली पोर्तुगालमध्ये एक माणूस त्यात पडला. आठ फूट खोल. दवाखान्यात नेला, वाचला, जगभर बातमी झाली. आपल्या शहरांत असे काळे गोल खड्डे प्रत्येक रस्त्यावर आहेत, झाकण असलेले. २०१३ साली कायदा होऊनही माणसं त्यात उतरवली जातात आणि काही वर येत नाहीत. त्यांच्यासाठी चार ओळी, आतल्या पानावर. कपूरच्या कामात ताकद नाही असं मी म्हणत नाही. ताकद आहे. पण काठावर उभं राहून बघणाऱ्याचा अंधार आणि आत उतरणाऱ्याचा अंधार, ह्यात फरक आहे, आणि तो फरक शिल्पाच्या बाजूला लावलेल्या पाटीवर नसतो.

जाता जाता हेही सांगतो. एका गॅलरीत, नाव घेत नाही, दारावरच्या वॉचमननं मला विचारलं, डिलिव्हरी काय? मी म्हणलं, बघायला आलोय. तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग हळूच म्हणाला, जा, वर एसी चालू आहे. तो आपल्यातलाच होता. दिवसभर दारात उभा. त्यानं आत काय आहे ते बघितलंय काय, हे विचारायचं माझ्याकडनं राहून गेलं. वेसकरच तो.

आता कार्ल सेगन. तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आपल्यातल्या एका पोराला सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. रोहित वेमुला. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पीएचडीचं संशोधन करत होता. त्याला आणि त्याच्या चार साथींना जानेवारी २०१६मध्ये वसतिगृहातनं बाहेर काढलं. ते पाच जण विद्यापीठाच्याच आवारात उघड्यावर, थंडीत, आभाळाखाली राहिले. तिथं त्यांनी बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या तसबिरी लावून एक आडोसा उभा केला आणि त्याला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची आपली वस्ती. १७ जानेवारीला रोहित गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं शेवटचं पत्र तुम्ही वाचलंय, त्यातले शब्द मी इथं उगाळणार नाही. पण त्या पत्रात सेगन आहे आणि तारे आहेत, हे विसरू नका. त्याला नुसती भाकर हवी नव्हती, मित्रांनो. त्याला आभाळ हवं होतं.

माझ्या लेखी तो वेलिवाडा हेही शिल्पच आहे. कुणी कलावंतानं केलेलं नाही. ज्यांना छपराखालनं हाकललं त्यांनी रात्रीच्या आभाळाखाली उभं केलेलं. आणि तोही सांगावाच. फक्त सोन्याच्या तबकडीवर नाही, फ्लेक्सवर.

म्हणून मी नुसतं बोलायला आलो नाही. एक बेत घेऊन आलोय.

नॅन्सी होल्ट नावाच्या एका अमेरिकन बाईनं १९७३ ते १९७६ ह्या काळात युटाच्या वाळवंटात चार सिमेंटचे पाइप मांडून ठेवले. एकेक पाइप १८ फूट लांब, ९ फूट व्यासाचा. आत माणूस आरामात उभा राहतो. पाइपांना वरनं भोकं पाडली, आणि भोकं अशी की प्रत्येक पाइपावर एका तारकासमूहाची आकृती व्हावी. दिवसाढवळ्या ऊन त्या भोकातनं आत येतं आणि पाइपात उजेडाचे तारे पडतात. बाईचं डोकं चालतं, मानलं. मुंबईत असल्या पाइपात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पाण्याच्या लाइनचे पाइप रस्त्याकडेला पडून असतात तोवर त्यात संसार होतात, पोरं जन्मतात. तिथं कुणाला भोक पाडलेलं परवडणार नाही, पाणी गळेल. पण भोक पाडून तारा करायचा, ही युक्ती आपल्याला घेण्यासारखी आहे. पैसा लागत नाही. पत्रा लागतो आणि गॅस कटर.

दारूखान्यात तोडलेल्या जहाजाचा पत्रा किलोवर मिळतो. मी बघून आलोय. आठ बाय दहा फुटांचा, पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर वजन तीनशे किलोच्या आतबाहेर. टेम्पोत येतो. मावसभाऊ डिझेलच्या पैशात आणून देतो म्हणालाय. चार खांबांवर तो आडवा टाकायचा, माणसाच्या डोक्याच्या वर. खाली जमिनीवर चटई. माणसानं येऊन आडवं व्हायचं, आम्ही तळात गोण्यांवर झालो होतो तसं.

भोकं कुठं पाडायची हे मी ठरवलंय. ह्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, इथनं काही तासांच्या वाटेवर महाड आहे. बोल्यांचा ठराव १९२३चा. महाडच्या नगरपालिकेनं तळं १९२४ साली कागदावर मोकळं केलं. आणि पाण्याला हात लागला २० मार्च १९२७ला. दिवसा काय झालं ते आपण दरवर्षी सांगतो. मग गावात अफवा उठली, मंडपात जेवणाऱ्यांवर, वाटेनं परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. रात्रीचं कुणी सांगत नाही. त्या रात्री डोकी फुटलेली माणसं आपापल्या गावाला अंधारातनं चालत गेली असतील. वर काय होतं? मोबाइलवर फुकट मिळणारं आकाशाचं सॉफ्टवेअर आहे, तारीख आणि गाव घातलं की त्या दिवसाचं आभाळ दाखवतं. मी महाड घातलं, २० मार्च १९२७, रात्रीचे नऊ. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, चंद्र नुकताच पूर्वेला वर आलेला. तिकांडं पश्चिमेला कलत होतं. आणि ईशान्येला बाजलं वर चढत होतं.

ते आभाळ पत्र्यावर उतरवायचं. चंद्राचं भोक सगळ्यात मोठं, ताटाएवढं. तिकांडं, बाजलं, तीन चोर. तारे कोणते लहान, कोणते मोठे, ते तात्या सांगतील. रविवारी त्यांना मी बोलावलंय. शेजारी पाटी लावू, तिच्यावर तात्यांची नावं, पंचांगातली नाही. इथल्या दोस्तांनी विहारामागची जागा दाखवलीय, तिची परवानगी लागेल, ती त्यांनी बघायची. खारी हवा आहे, पत्रा वर्षात गंजेल, तेव्हा रेड ऑक्साइडचे दोन हात आधी द्यावे लागतील. रंगाचा खर्च मी धरलेला नव्हता, तो आज दुपारी लक्षात आला.

ज्याला गॅस कटर चालवता येतो त्यानं जेवण झाल्यावर मला भेटा. वेल्डर दोन पाहिजेत. आणि तो हॅलोजन कुणीतरी बंद करा, अर्धा तास. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.